खेळू दे का नको?

६ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री आमच्या पेठेत टीव्हीसमोर जमलेल्या सगळ्यांना खरं तर एकच पोरगा बघायचा होता, अनिकेत जाधव. कोल्हापूरचा मुलगा सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात आहे म्हटल्यावर बाकीचे कोण, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. दिल्लीत अमेरिकेनं आपल्याला तीन गोलांनी हरवलं. शेवटाकडे आपल्या एका बचावपटूचा फटका क्रॉसबारवर आपटून परत आला, अख्खी खोली कळवळली, आणि त्याच उलट्या हल्ल्यात अमेरिकेनं तिसरा गोल चढवला. फटका मारणारा होता अन्वर अली, पंजाबातल्या आदमपूरचा. त्या रात्रीपासून पेठेतल्या पोरांना ते नाव पाठ झालं.

दोन वर्षांनी तेच नाव पेपरात आलं, पण बातमी वेगळी होती. मुंबई सिटी एफसीनं त्याला घेतलं होतं आणि वैद्यकीय तपासण्यांत त्याच्या हृदयात दोष निघाला होता. एपिकल हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाच्या टोकाकडचा स्नायू नको तेवढा जाड. पोरगा जेमतेम एकोणीस वर्षांचा. चालताना, धावताना, नव्वद मिनिटं खेळताना त्याला काही म्हणता काही होत नव्हतं. तपासलंच नसतं तर कुणाला पत्ता लागला नसता, त्यालाही नाही.

मी ईसीजी काढते. आयुष्यातली बरीच वर्षं लोकांच्या छातीवर चंबू लावण्यात गेली आहेत. त्यामुळे ही बातमी वाचताना बाकी पेठ "आता त्याचं करिअर संपलं" म्हणून हळहळत असताना माझ्या डोळ्यासमोर त्याची ईसीजीची पट्टी आली. ती मी अर्थातच कधी बघितलेली नाही. पण या प्रकारच्या हृदयाची पट्टी कशी असते ते ठाऊक आहे. छातीवरच्या लीड्समध्ये, म्हणजे चंबूंमधून उमटणाऱ्या रेघांत, जिथे टी लाट, म्हणजे प्रत्येक ठोक्याची शेवटची लाट, गुमान वर असायला हवी, तिथे ती खोल पालथी पडलेली असते. एकदा बघितली की माणूस विसरत नाही. जपानी डॉक्टरांनी १९७० च्या दशकात याचं वर्णन केलं, आणि हायपरट्रॉफिकच्या घराण्यात हा त्यातल्या त्यात सौम्य भाऊ मानला जातो. त्यातल्या त्यात सौम्य! हे शब्द एका फुटबॉलपटूला कसे समजावून सांगायचे?

फुटबॉल महासंघाच्या वैद्यकीय समितीनं त्याला थांब म्हणून सांगितलं. समितीचे प्रमुख होते डॉ. वेस पेस. मूळचे गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक जिंकलेल्या संघातले, पुढे क्रीडावैद्यकातले जाणते डॉक्टर. मैदान म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अशा माणसाला विशीतल्या पोराला बूट काढून ठेव म्हणावं लागणं ही काही सोपी गोष्ट नाही, आणि त्यांच्यावर झालेली टीका मला तेव्हाही पटली नव्हती. दुसऱ्या बाजूला अन्वरच्या घरचं पोट या खेळावर होतं. २०२० मध्ये तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. पुढे त्याला खेळायची मुभा मिळाली. गंमत बघा, त्याला इंडियन सुपर लीगमध्ये उतरवलं ते एफसी गोवानं. मार्च २०२२ मध्ये तो भारताकडून पदार्पणाचा सामना खेळला आणि त्याच जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध सामना सुरू होतो न होतो तोच त्यानं गोल मारला. भारत ४-० नं जिंकला.

त्या गोलनंतर आमच्याकडे बऱ्याच जणांनी निकाल देऊन टाकला. "बघा, डॉक्टर लोक उगाच घाबरवतात." मला तसं म्हणवत नाही. गोल झाला म्हणून स्नायू पातळ झाला नाही. पण "खेळूच नको" म्हणणारे शंभर टक्के बरोबर होते असंही म्हणवत नाही. खेळता खेळता हृदय अचानक बंद पडायचा हा धोका माणसागणिक वेगळा, त्याचा अंदाज बांधता येतो, हमी देता येत नाही. आणि मग तो धोका पत्करायचा कुणी ठरवायचं, डॉक्टरनं, महासंघानं, क्लबनं, कोर्टानं की ज्याचं हृदय आहे त्यानं? तपासणी शिबिराच्या फ्लेक्सवर हा प्रश्न कधीच छापलेला नसतो. तिथे फक्त "मोफत ईसीजी" असं मोठ्या अक्षरात असतं आणि खाली मान्यवरांचे फोटो.

शिबिरांना मी जाते. शाळेच्या हॉलमध्ये दोन बाकं जोडून केलेला पलंग, मध्ये दोरीवर टाकलेली चादर, बाहेर पोरांची रांग आणि गोंधळ. हाता-पायाला चिमटे लावायचे, उजव्या हाताला लाल, डाव्याला पिवळा, डाव्या पायाला हिरवा, उजव्याला काळा. छातीवर जेली लावून सहा चंबू. जेली गार असते, पोरं फिस्सकन हसतात आणि हसलं की पट्टी थरथरते, म्हणून आधी दोन मिनिटं गप्पा माराव्या लागतात. कुठल्या संघाचा, कुठल्या जागेवर खेळतोस, आई काय म्हणते. मग मशीन कागद सोडायला लागतं, सेकंदाला पंचवीस मिलिमीटर. काही सेकंदांचं काम. या काही सेकंदांवर पोराचं पुढचं वर्ष, कधी कधी पुढचं आयुष्य फिरतं, म्हणून घाई करणाऱ्या संयोजकांचा मला राग येतो. लाल आणि पिवळा चिमटा चुकून उलटसुलट लागला तर धडधाकट माणसाची पट्टी भलतंच काही सांगते. पहिले दोन चंबू चौथ्या आणि पाचव्या फासळीच्या मधल्या फटीत लागायला हवेत. रांग उरकायच्या नादात ते एक-दोन बोटं वर गेले, तर नसलेला आजार कागदावर उमटतो. फासळ्या बोटानं मोजाव्या लागतात. अंदाजपंचे चालत नाही.

मुलींचं तर विचारूच नका. आमच्या भागात आता कुस्ती, कबड्डी, फुटबॉल, सगळीकडे पोरी आहेत आणि दमदार आहेत. पण ईसीजी काढायचा म्हणजे छाती उघडी करावी लागते, आतले कपडे काढावे लागतात. त्यासाठी बाई टेक्निशियन हवी, दाराला कडी हवी, बाहेर खात्रीची शिक्षिका हवी. चादरीच्या आडोशानं भागत नाही, कारण चादरीच्या पलीकडे तीच पोरं उभी असतात. मग संयोजक म्हणतात, "मॅडम, मुलींचं आपण नंतर बघू." नंतर म्हणजे कधी, ते त्यांनाही माहीत नसतं. मैदानावर अचानक मृत्यू येणाऱ्यांत मुलांचं प्रमाण मुलींपेक्षा बरंच जास्त आहे हे खरं. पण शिबिरात मुली मागे राहतात त्याचं कारण ही आकडेवारी नसून दाराची कडी आहे.

आता पट्टी निघाली. मशीन हुशार असतं, वरच्या कोपऱ्यात स्वतःचं मत छापतं. आणि नियमित व्यायाम करणाऱ्या पोरांच्या बाबतीत ते मत सर्रास "ॲबनॉर्मल" असतं. बसल्या जागी ठोके मिनिटाला ४६. सामान्य माणसाचे असते तर आपण दचकलो असतो. रोज पहाटे दहा किलोमीटर पळणाऱ्याचे असतील तर ती त्याच्या मेहनतीची पावती आहे. खेळाडूचं हृदय थोडं मोठं, थोडं जाड, संथ आणि ताकदीचं होतं. स्वीडनमध्ये हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी हे १८९९ मध्ये सांगितलं, तेही बर्फावर स्की करणाऱ्या खेळाडूंच्या छातीवर नुसत्या बोटांनी टकटक करून. तेव्हा ईसीजीचं मशीनही दवाखान्यात आलेलं नव्हतं. आता खेळाडूंची पट्टी वाचायचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, २०१७ मध्ये ते एकत्र करून प्रसिद्ध झाले. काय बघून सोडून द्यायचं आणि काय बघून थांबायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाच्या पहिल्या दोन-तीन छातीच्या लीड्समध्ये टी लाट पालथी असली तर बहुधा काळजी नसते, तीच पाचव्या-सहाव्या लीडमध्ये पालथी असली तर सोडायचं नाही. पण हे निकष ज्या अभ्यासांवर उभे आहेत ते मुख्यतः गोऱ्या आणि कृष्णवर्णीय खेळाडूंचे. आपली पोरं त्यात फारशी नाहीत. आणि ते वाचणारी नजर प्रत्येक तालुक्यात बसलेली नाही. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. मशीन हल्ली कुठेही मिळतं.

इटलीचं उदाहरण प्रत्येक परिसंवादात निघतं, आणि निघायलाच हवं. तिथे खेळाडूंच्या आरोग्यरक्षणाचा कायदा १९७१ मधला. १९८२ पासून स्पर्धेत उतरायचं तर दरवर्षी तपासणी आणि ईसीजी सक्तीचा. पादुआच्या डॉक्टरांनी व्हेनेतो प्रांतातली नोंद २००६ मध्ये मांडली. १९७९-८० मध्ये खेळाडूंच्या अशा अचानक मृत्यूंचं प्रमाण वर्षाला लाखामागे ३.६ होतं, ते २००३-०४ मध्ये ०.४ वर आलं. वाचताना अंगावर काटा येतो. त्याच लेखात आणखी एक हिशेब आहे आणि तो परिसंवादात सहसा कुणी सांगत नाही. पादुआच्या केंद्रात त्या काळात ४२,३८६ खेळाडू तपासले, त्यांतल्या ३,९१४ जणांना पुढच्या तपासण्यांसाठी पाठवावं लागलं आणि ८७९ जणांचा स्पर्धात्मक खेळ बंद झाला. या ८७९ जणांतले किती खरोखर मैदानात दगावले असते आणि किती जण म्हातारे होईपर्यंत सुखानं खेळले असते, हे कुणी सांगू शकत नाही. घरी बसवलेल्या पोराला आपण वाचवलं की उगाच बसवलं, हे कळायची सोयच नाही.

इस्राएलनं १९९७ मध्ये असाच कायदा केला. तिथल्या संशोधकांनी वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांमधून खेळाडूंच्या अशा घटना शोधून काढल्या, कायद्याआधीच्या बारा वर्षांतल्या आणि नंतरच्या बारा वर्षांतल्या. आधी लाखामागे २.५४, नंतर २.६६. फरक शून्य. कायद्याच्या लगेच आधीच्या दोन वर्षांत आकडा अचानक चढला होता. तेवढ्याशीच तुलना केली असती तर त्यांनाही इटलीसारखाच चमत्कार दिसला असता. हे वाचल्यापासून मी आकड्यांपुढे पटकन हात जोडायचं सोडलं आहे.

मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो तो इंग्लंडचा अभ्यास. तिथल्या फुटबॉल असोसिएशननं १९९६ ते २०१६ या काळात अकादमीतल्या ११,१६८ पोरांची तपासणी केली. नुसता ईसीजी नाही, टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीसुद्धा, आणि बघणारे लंडनचे डॉ. संजय शर्मा यांच्यासारखे याच विषयात मुरलेले लोक. ४२ जणांमध्ये जीवघेणा ठरू शकेल असा दोष सापडला. पुढच्या काळात या सगळ्यांपैकी आठ जण हृदयाच्या कारणानं अचानक गेले. त्या आठांपैकी सहा जणांची तपासणी स्वच्छ निघालेली होती. तपासणी आणि मृत्यू यांत सरासरी ६.८ वर्षांचं अंतर. म्हणजे सोळाव्या वर्षी बघितलं तेव्हा तो दोष एक तर दिसत नव्हता किंवा अजून आलाच नव्हता. स्नायूचे हे आजार वाढत्या वयात हळूहळू डोकं वर काढतात. हृदयाची रक्तवाहिनी जन्मतः चुकीच्या ठिकाणाहून निघाली असेल तर ईसीजी बहुधा गप्पच बसतो. उरलेल्या दोघांमध्ये दोष सापडला होता, आणि तरीही ते गेले.

असं सगळं असताना मी शिबिरांना का जाते, असं कुणीही विचारेल. एक कारण म्हणजे डब्ल्यूपीडब्ल्यू. हृदयात विजेची एक जादा वाट जन्मापासून असते, ईसीजीवर मुख्य लाटेचा पायथा तिरका चढलेला दिसतो, आणि बहुतेकदा पायाच्या शिरेतून तार घालून ती वाट जाळून टाकता येते. कबड्डीतला एक चपळ पोरगा होता, "कधी कधी छातीत फडफडतं" एवढंच म्हणायचा आणि घरचे म्हणायचे, चहा कमी कर. पट्टीवर तो तिरका पायथा इतका स्पष्ट होता की मी मशीन बंद न करताच डॉक्टरांना हाक मारली. काम झालं, काही आठवड्यांत तो परत मॅटवर. अशा एका पोरासाठी मी कितीही पोरांच्या फासळ्या मोजायला तयार आहे.

दुसरं कारण पट्टीचं नाही, प्रश्नांचं आहे. फॉर्मवर एक ओळ असते, "कुटुंबात हृदयविकार आहे का?" पोरं बिनदिक्कत "नाही" वर खूण करतात. सतरा वर्षांच्या मुलाला कुटुंबाचा काय इतिहास माहीत असणार? आणि हृदयविकार म्हणजे त्याच्या मते साठीच्या आजोबांना होतो तो. म्हणून मी आता बरोबर आलेल्या आईला, आणि आजी आली असेल तर आजीलाच विचारते, "तुमच्या घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेलं होतं का? काही दुखणं नसताना?" मग गोष्टी निघतात. पट्टीचा पोहणारा मामा विहिरीत बुडाला. काका शेतात बैल सोडता सोडता पडला, "बाहेरचं काहीतरी झालं" म्हणाले. आत्याला फिट यायच्या, घड्याळाचा गजर झाला की दचकून बेशुद्ध पडायची, एक दिवस उठली नाही. पट्टीचा पोहणारा बुडतो म्हटल्यावर मी कान टवकारते. लाँग क्यूटी नावाच्या आजारात एका प्रकाराला पोहणं झेपत नाही, दुसऱ्याला अचानक आलेला आवाज. ठोका बिघडतो, रक्त मेंदूला पोचत नाही, अंग आकडतं आणि लोक फिट समजतात. हायपरट्रॉफिक काय किंवा हे काय, आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडे असलं तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. आजीच्या एका गोष्टीतून कधी कधी माझ्या मशीनपेक्षा जास्त कळतं, आणि तिला वीज लागत नाही.

पोराला विचारायचा प्रश्नही एकच, पण नीट विचारावा लागतो. खेळून झाल्यावर चक्कर येणं वेगळं आणि खेळता खेळता, भर धावेत डोळ्यापुढे अंधारी येऊन पडणं वेगळं. दुसरं कुणी सांगितलं की माझ्या लेखी तो खेळाडू त्या दिवसापुरता मैदानाबाहेर. मग पट्टी कितीही सुंदर असो.

आता ज्या पोराबद्दल लिहायचं म्हणून हा लेख इतके दिवस अडून राहिला, त्याच्याकडे येते. मधल्या फळीत खेळायचा, सतरा-अठराचा, पहिल्या संघात नुकता आलेला. पट्टीत शेवटच्या दोन लीड्समध्ये टी लाट पालथी. टू-डी इकोत डाव्या कप्प्याची भिंत तेरा मिलिमीटर. बारापर्यंत ठीक, सोळा असती तर निर्णय सोपा होता. तेरा ते पंधरा हा सगळा संशयाचा पट्टा. खेळानं जाडावलेलं हृदय असेल किंवा आजाराची सुरुवात असेल. डॉक्टरांनी पुस्तकात आहे तेच सांगितलं, तीन महिने सराव पूर्ण बंद, मग परत इको. भिंत उतरली तर मेहनतीची होती, नाही उतरली तर आजाराची शक्यता वाढली.

वडील सगळं ऐकून घेत होते. मालवाहू टेम्पो चालवायचे. खिशातली पावती काढून परत ठेवली, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ते मिलिमीटरचं मला काय कळत न्हाई. खेळू दे का नको, तेवढं सांगा."

तेवढंच तर कुणाला सांगता येत नव्हतं.

कोल्हापुरात तीन महिने म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. इथला हंगामच मुळी काही महिन्यांचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार किंवा खंडोबा विरुद्ध शिवाजी असा सामना लागला की पेठाच्या पेठा दुकानं बंद करून गॅलरीत बसतात. एका सामन्यात चमकलेल्या पोराला रस्त्यात दहा जण थांबवून चहा पाजतात. त्या पोराला अचानक घरी बसवलं आणि कारणही उघड सांगायचं नाही, कारण बहिणीचं लग्न जुळत होतं आणि "घराण्यात हार्टचा आजार" हे शब्द सोयरिकीच्या बैठकीत गेले असते तर संपलंच. पेठेत कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या संघाकडून पैसे घेतले, असंही कुणी म्हणालं. आईनं दृष्ट काढली. मधूनच पोरगा मला निरोप पाठवायचा, "मॅडम, जिना चढला तर चालतंय का?" जिना! जो पोरगा नव्वद मिनिटं दम न खाता पळायचा तो आता स्वतःच्या छातीवर हात ठेवून जिना चढत होता.

तीन महिन्यांनी भिंत अकरावर आली. पुढच्या तपासण्याही ठीक निघाल्या. सगळ्यांनी पेढे वाटले. त्याच्या जागेवर तोवर दुसरा पोरगा बसला होता आणि चांगला खेळत होता. पुढच्या हंगामात तो राखीव राहिला, मग कॉलेज, मग नोकरी. आता भेटला तर हसतो, धडधाकट आहे. इटलीच्या हिशेबात हा त्या ३,९१४ मधला एक, ज्याला "पुढे पाठवलं आणि सोडून दिलं". कागदावर त्याचं काहीच गेलेलं नाही.

म्हणून माझं मत असं बनलं आहे, कुणाला पटो न पटो. जिथे पट्टी निकषांप्रमाणे वाचणारा डॉक्टर आहे, संशय आला तर इकोचे पैसे कोण भरणार हे आधी ठरलं आहे आणि त्या तीन महिन्यांत पोराशी बोलायला कुणी माणूस आहे, तिथे सरसकट ईसीजी जरूर काढावा, आणि एकदाच नाही, दर एक-दोन वर्षांनी. जिथे यातलं काहीच नाही तिथे फ्लेक्स लावून "मोफत ईसीजी" करू नये. तिथे आजीला बोलवावं, प्रश्न नीट विचारावेत, आणि उरलेला पैसा, वेळ, उत्साह मैदानाच्या कडेला खर्च करावा.

मैदानाच्या कडेला म्हणजे काय, ते मार्च २०१२ च्या एका आठवड्यात सगळ्यांना दिसलं होतं. १७ तारखेला लंडनमध्ये बोल्टनचा फॅब्रिस मुआंबा खेळता खेळता कोसळला. तो तपासणी झालेला खेळाडू होता. प्रेक्षकांतून अँड्र्यू डीनर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ उतरून मैदानात धावले, छाती दाबणं थांबलं नाही, शॉकवर शॉक दिले. त्याचं हृदय ७८ मिनिटं स्वतःहून चाललं नाही, आणि तरी तो आज हिंडतोफिरतो आहे. त्यानंतर चारच दिवसांनी बंगळूरमध्ये स्थानिक लीगचा सामना खेळताना डी. वेंकटेश कोसळला. मैदानावर रुग्णवाहिका नव्हती. त्याला रिक्षातून नेलं. तो वाचला नाही. त्याच शहरात ५ डिसेंबर २००४ ला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन क्रिस्तियानो ज्युनियर दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी धडकून पडला होता आणि उठला नव्हता. डेम्पोनं त्याची १० नंबरची जर्सी निवृत्त केली. गोव्यातल्या जुन्या फुटबॉलवाल्यांपाशी आजही त्याचा विषय काढला की बोलणं थांबतं.

डेन्मार्कच्या क्रिस्तियन एरिक्सनचं कोसळणं तर सगळ्यांनी थेट बघितलं, १२ जून २०२१, कोपनहेगन. तो तेव्हा इंटर मिलानचा, म्हणजे जगातल्या सगळ्यात कडक तपासणीच्या देशात खेळणारा. मैदानावरच्या शॉकनं वाचला, छातीत आयसीडी, म्हणजे ठोका बिघडला की आतूनच शॉक देणारं यंत्र बसवलं, आणि ज्या इटलीच्या नियमांचे आपण गोडवे गातो त्याच नियमांमुळे इंटरला त्याच्याशी करार संपवावा लागला, कारण आयसीडी असलेल्याला तिथे खेळता येत नाही. तो इंग्लंडमध्ये ब्रेंटफर्डकडे गेला आणि खेळला. एकच माणूस, एकच हृदय, एका देशात बाद आणि दुसऱ्या देशात पास.

हृदय बंद पडल्यावर काहीच केलं नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घसरते. आपल्याकडे पहिली मिनिटं कशात जातात ते मी पाहिलं आहे. पडलेल्याचं अंग झटके देतं, लोक म्हणतात फिट आली. कुणी कांदा शोधतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी मुठीत किल्ल्या कोंबतो, तोंडावर पाणी मारतात. घशातून घुरघुर येते, त्यावरून "श्वास चालू आहे" म्हणतात. तो श्वास नसतो. हाक मारून, हलवून शुद्धीवर येत नाही आणि नीट श्वास नाही, एवढं कळलं की छातीच्या मधोमध दोन्ही हात, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि एकानं एईडीकडे, म्हणजे शॉक द्यायच्या पेटीकडे पळायचं. एईडी स्वतः बोलतं, काय करायचं ते सांगतं, गरज नसेल तर शॉक देतच नाही. किंमत साधारण लाखाच्या घरात. मिरवणुकीतल्या साउंडवर एका रात्रीत किती उडतात, याचा हिशेब मंडळांनी आपला आपण घालावा, मी सांगायला गेले तर भांडण होईल.

आमच्या भागातल्या एका मैदानासाठी वर्गणीतून एईडी घेतलं. पोरांना छाती दाबायला शिकवलं, घामेजलेल्या छातीवर पॅड चिकटत नाहीत म्हणून पेटीत टॉवेल आणि रेझर ठेवायला लावला. मग एका रविवारी सरावाला सहज म्हणून विचारलं, "पेटी कुठे आहे?" ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, कुलपात. चोरीला जाईल म्हणून. किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी लग्नाला सांगलीला. त्या संध्याकाळी बैठक बसली, आवाज चढले, "लाखाची वस्तू उघड्यावर ठेवायची काय?" असं दोघं तिघं म्हणाले. पंचांच्या खोलीबाहेर, भिंतीवर, बिनकुलपाचा काचेचा डबा ठोकायचं शेवटी ठरलं. पॅडची मुदत संपायची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. आता बॅटरी कोण बघणार यावर वाद चालू आहे.